तंबोरा स्टुटगार्टला कसा पोचला

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो. आत्ता रविवारचा क्लास संपलाय, आई आत पावट्याच्या शेंगा सोलत बसलीय, मी चिपळूणलाच आहे, तर आजच लिहून टाकतो. विषय आहे लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या खुल्या सिस्टीमवर, व्हिडिओ कॉल. पण त्याची सुरुवात तंबोऱ्यापासून करावी लागेल.

माझी आई ७२ वर्षांची आहे. शाळेत संगीत शिकवायची, आता रिटायर्ड आहे. ताई जर्मनीत स्टुटगार्टला असते आणि तिच्या मुलीला म्हणजे माझ्या भाचीला आजीकडून गाणं शिकायचंय, प्रारंभिकच्या परीक्षेला बसायचंय. मग ताईच्या ओळखीतली अजून तीन मराठी मुलं आली. आता दर रविवारी आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की तिकडे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच वाजतात, तेव्हा क्लास असतो, सव्वा ते दीड तास. आणि तो सगळा क्लास एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर चालतो. लोकांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "लिनक्सवर झूम-बिम चालतं का रे?" चालतं. नुसतं चालत नाही, गाण्याच्या क्लाससाठी जे करायला लागलं ते मला लिनक्सवर जास्त सोपं गेलं, आणि तेच सांगायचंय.

आधी लॅपटॉप कुठून आला ते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. खालच्या खोलीतला कॉम्प्युटर पूर्ण बुडाला, पेटी पण गेली. आई पेटीसाठी रडली, कॉम्प्युटरसाठी नाही. महिन्याभराने मी पुण्याहून माझा जुना लॅपटॉप आणला. २०१३ चा होता, चार जीबी रॅमचा, त्यात अजून चार टाकली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मिंट टाकलं. त्यावर तेव्हा विंडोज होतं पण लॉगिन व्हायलाच चार मिनिटं लागायची. पुढे विंडोज ११ आलं तर ते या मशीनवर अधिकृतपणे बसतच नाही, प्रोसेसर जुना आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चिप नाही, आणि विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हिशोबाने हा लॅपटॉप भंगारात जायला हवा होता. तो आज दीड तास चार मुलांचे चेहरे दाखवतोय आणि पंख्याचा आवाज सोडला तर काही कुरकुर करत नाही. मला या गोष्टीचं खरंच फार वाटतं, आपल्याकडे घराघरात कपाटावर असे लॅपटॉप पडून आहेत.

कॅमेऱ्याची मला सगळ्यात जास्त भीती होती आणि तिथे काहीच करावं लागलं नाही. यूएसबी वेबकॅमचं एक ठरलेलं मानक आहे, यूव्हीसी म्हणतात, लॅपटॉपमधला कॅमेरासुद्धा आतून बहुतेक यूएसबीवरच असतो. त्या मानकाचा ड्रायव्हर लॉराँ पिंशार नावाच्या माणसाने लिहिला आणि २००८ मध्ये तो लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात गेला, त्यामुळे हल्ली बहुतेक वेबकॅम लावला की चालू, ड्रायव्हरची सीडी नाही काही नाही. एकच भानगड झाली. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की चित्रात आडवे पट्टे खालून वर सरकायचे. भाची म्हणायची आजी तुझ्याकडे पाऊस पडतोय. मला वाटलं कॅमेरा गेला. पण ते विजेचं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि कॅमेरा ६० हर्ट्झवर सेट असला की दोघांचा मेळ बसत नाही. गुव्हीव्ह्यू नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी ५० केली आणि पाऊस थांबला. ज्यांच्याकडे असे पट्टे येतात त्यांनी नवीन वेबकॅम घ्यायच्या आधी हे एकदा बघा.

आता कुठलं अ‍ॅप टाकायचं हा प्रश्न. इथे माझं मत एकदम पक्कं झालंय आणि ते असं की लिनक्सवर शक्यतो अ‍ॅप टाकूच नका, ब्राउझरमध्ये चालवा. कारण बघा, कंपन्या लिनक्ससाठी अ‍ॅप काढतात आणि मग त्यांना परवडत नाही की बंद करतात. मायक्रोसॉफ्ट टीम्सचं लिनक्सचं अ‍ॅप डिसेंबर २०१९ मध्ये आलं आणि २०२२ संपता संपता बंद झालं, त्याच्या जागी ब्राउझरमधून चालवा असं सांगितलं. स्काईप तर ५ मे २०२५ ला सगळ्यांसाठीच बंद झालं. झूमचं लिनक्स अ‍ॅप आहे आणि बरं चालतं, गूगल मीट आधीपासून ब्राउझरमध्येच आहे. पण ब्राउझर मात्र कुठे जात नाही. गूगलने २०११ मध्ये वेबआरटीसी नावाचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणजे कॅमेरा, माइक, आवाज दाबून बारीक करणं, इंटरनेटवरून समोरच्यापर्यंत रस्ता शोधणं हे सगळं ब्राउझरच्या पोटातच आलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचं अधिकृत मानक झालं. लिनक्सवरच्या व्हिडिओ कॉलचा इतिहास माझ्या मते त्याच्या आधीचा आणि त्याच्या नंतरचा असाच आहे. आधी एकिगा नावाचं कॉलचं सॉफ्टवेअर उबुंटू या लिनक्सबरोबर यायचं, मी कॉलेजात असताना ते चालवून बघायचो आणि समोर बोलायला कोणी नसायचं कारण बाकी सगळी दुनिया दुसऱ्या अ‍ॅपवर. आता समोरच्याकडे आयफोन असो की काही असो, लिंक पाठवली की झालं.

तर ताईला लिंक पाठवली, आई समोर बसली, भाची दिसली, सगळे खूश. आईने तंबोरा लावला. तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी होती, वरच्या माळ्यावर असल्याने पुरातून वाचलेली. सा लावला. आणि भाची म्हणाली, "आजी तू गप्प का झालीस?"

आई गप्प नव्हती. ती आकारात षड्ज लावून बसली होती, दहा-बारा सेकंद. तिकडे पहिले दोन सेकंद ऐकू आले आणि मग आवाज कोणी तरी उशी दाबल्यासारखा बुडून गेला. तंबोरा तर अजिबातच पोचला नाही. आई बोलायला लागली की आवाज व्यवस्थित, गायला लागली की गायब. तिला वाटलं तिचाच आवाज लागत नाहीये आता. ती तसं मला फोनवर बोलली पण, "वय झालं रे, दम पुरत नाही." मला ते इतकं लागलं की त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत वाचत बसलो.

कारण असं आहे. ब्राउझर माइकचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. त्याच्यावर तीन संस्कार करतो. एक इको काढतो, म्हणजे स्पीकरमधून आलेला समोरच्याचाच आवाज माइकमध्ये गेला तर तो ओळखून वजा करतो. दुसरं, नॉइज कमी करतो. तिसरं, आवाज हळू असला तर वाढवतो आणि मोठा असला तर दाबतो. हे तिन्ही बोलण्यासाठी बनवलेत. आणि नॉइज कशाला म्हणायचं तर जो आवाज सलग एकसारखा येतोय, बदलत नाहीये, तो. पंखा, एसी, मिक्सर. बोलणं सतत बदलतं. आता तुम्हीच सांगा तंबोरा म्हणजे काय? सलग, एकसारखा, न बदलणारा. आणि स्थिर षड्ज म्हणजे काय? वर्षानुवर्षं रियाज करून आवाज हलू न देणं ज्याला म्हणतो, ते नेमकं कॉम्प्युटरच्या लेखी पंख्याची घरघर. आईचा सूर जितका स्थिर तितका तो जास्त कापला जात होता. हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "म्हणजे माझा सा बरोबर होता."

हो, बरोबर होता.

आणि तिसरा संस्कार पण गाण्याला तितकाच वाईट. ती मुलांना सांगते की वरच्या सा वर जाताना आवाज मोठा करू नका, हलका ठेवा, आणि तिने हलका ठेवला की मशीन तो ओढून मोठा करतं, म्हणजे मुलांना तिकडे उलटंच ऐकू येतं.

गंमत म्हणजे तारेत काही कमी नाहीये. आवाज ज्या पद्धतीने बारीक करून पाठवतात ती ओपस, २०१२ मध्ये मानक झालेली, खुली, कोणालाही फुकट वापरता येणारी, आणि ती बोलण्याबरोबर संगीतसुद्धा उत्तम नेते. रस्ता चांगला रुंद आहे, गाडीच दारात अडवली जाते. त्यामुळे संस्कार बंद केले की सुटलं. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाचा पर्याय आहे तो चालू करायचा. जिट्सी नावाचं खुलं मीटिंगचं सॉफ्टवेअर आहे, आम्ही तेच वापरतो, त्यात मीटिंगच्या पत्त्याच्या शेवटी हॅश टाकून कॉन्फिग, टिंब, डिसेबलएपी, बरोबरचं चिन्ह आणि ट्रू असं इंग्रजीत लिहायचं, त्यातले ए आणि पी कॅपिटल, मधे जागा सोडायची नाही. हा पत्ता एकदा बुकमार्क करून ठेवला की परत विचार करायला नको.

पण एक अट आहे. इको काढणं बंद केलं की दोन्हीकडे हेडफोन लागतो म्हणजे लागतोच, नाहीतर भाचीचा आवाज आईच्या स्पीकरमधून आईच्या माइकमध्ये आणि परत भाचीला. आणि हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथचा नको. ब्लूटूथवर गाणी ऐकताना जी चांगली क्वालिटी मिळते ती एकाच दिशेची असते, माइक चालू झाला की तो हेडफोन फोनवर बोलायच्या मोडमध्ये जातो आणि आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. लोक म्हणतात लिनक्सवर ब्लूटूथ खराब, पण हे ब्लूटूथच्या या जुन्या पद्धतीतच आहे, लिनक्सवर आवाजाच्या सेटिंगमध्ये ते दोन मोड समोर दिसतात म्हणून लक्षात येतं एवढंच. आईला मी वायरचा साधा हेडफोन आणि एक यूएसबी माइक दिला. यूएसबी माइकचं पण वेबकॅमसारखंच, लावला की चालू.

मग दुसरी अडचण, आणि ही कुठल्याच सॉफ्टवेअरने सुटणारी नाही. आईला वाटायचं मुलांनी तिच्याबरोबर म्हणावं. वर्गात ती पेटीवर अलंकार वाजवायची आणि पोरं एका सुरात म्हणायची, तिची चाळीस वर्षांची सवय. इथे तसं केलं की गोंधळ. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय मंदावत जाते. ती म्हणायची मुलं मागे पडतायत, ताई म्हणायची आई तूच मागे आहेस, आणि दोघी बरोबर होत्या.

चिपळूण ते स्टुटगार्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या वर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे काहीही न करता ३३ मिलिसेकंद एका बाजूचे गेलेच. वायर सरळ रेषेत नसते, शिवाय कॅमेरा, माइक, आवाज बारीक करणं, मधला सर्व्हर, तिकडे उलगडणं, थोडा साठवून मग वाजवणं, या सगळ्याचा मिळून आमच्या कॉलला दीडएकशे मिलिसेकंद लागतात. बोलायला हे चालतं, टेलिफोनचे नियम ठरवणारी आयटीयू ही आंतरराष्ट्रीय संस्था पण एका बाजूला १५० पर्यंतचा उशीर बोलण्याला चालेल असंच म्हणते. पण एकत्र वाजवायचं गायचं तर तीसच्या आत लागतो. हवेत आवाज एक मीटर जायला तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे तीस मिलिसेकंद म्हणजे तबलजी तुमच्यापासून दहा मीटर लांब बसलाय असं समजा, तिथपर्यंत कसंबसं जमतं. आमच्याकडे आईने सम दिली, ती भाचीला पोचली, भाचीने त्यावर सूर लावला आणि तो परत आईला आला, यात ३०० गेले. मध्य लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर अर्ध्या मात्रेच्या वर गेलं. समेवर भेट होणारच नाही. तुम्ही कितीही महागाचं इंटरनेट घ्या, प्रकाशाला कोण घाई करणार.

आईने हे ऐकलं आणि एका मिनिटात तोडगा काढला, माझा त्यात काहीही हात नाही. ती म्हणाली, मग मी म्हणेन आणि थांबेन, मग ती म्हणेल. गुरूने म्हणायचं, शिष्याने ऐकायचं, मग म्हणायचं. समोर बसवून पण असंच शिकवतात, एकत्र म्हणणं ही शाळेच्या वर्गाची सोय होती कारण चाळीस पोरं आणि पस्तीस मिनिटांचा तास. आता भूपाचा आरोह ती एकदा म्हणते, थांबते, एकेक मूल म्हणतं, बाकीचे माइक बंद करून ऐकतात. ती म्हणते शाळेत कुठल्या पोराचा गंधार उतरतोय ते गर्दीत कळायचंच नाही, इथे एकेकाचं कळतं.

ताल मात्र तिकडेच ठेवला. मुलांच्या घरी फोनवर तबल्याचं अ‍ॅप लावायचं, त्यांच्या जवळ, म्हणजे गाणं आणि ठेका एकाच ठिकाणी राहतात आणि आईपर्यंत दोन्ही एकत्र उशिरा पोचतात, आपसात बरोबर.

आणि तंबोरा? इथे मला फार सुंदर गोष्ट कळली. तंबोऱ्याला सम नाही. तो उशिरा पोचला तरी काही बिघडत नाही! षड्ज दीडशे मिलिसेकंद उशिरा आला तरी षड्जच असतो. तबला समुद्रापलीकडे पाठवता येत नाही, तंबोरा येतो. मग मी ठरवलं की आजीच्याच तंबोऱ्यावर मुलांनी गायचं, तेवढं एक तरी एकत्र असावं.

पेटीतला तंबोरा माइकमधून पाठवला तर आईच्या आवाजाच्या वर चढायचा, माइक कुठे ठेवू आणि पेटी कुठे ठेवू यातच वेळ जायचा. खरी सोय झाली ती मिंट २२ आल्यावर, म्हणजे २०२४ मध्ये, कारण त्यात पाइपवायर आलं. हे मला जरा सावकाश सांगू द्या कारण माझ्या मते लिनक्सवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये गेल्या काही वर्षांत झालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

पाइपवायर रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीतल्या विम टायमन्स यांनी सुरू केलं, आणि सुरुवातीला ते आवाजासाठी नव्हतंच, व्हिडिओसाठी होतं. लिनक्सच्या पडद्यामागे पूर्वीपासून एक्स ११ नावाची व्यवस्था होती, १९८० च्या दशकातली, तिच्यात कुठलंही सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्याही खिडकीत काय चाललंय ते बघू शकतं, कीबोर्डवर काय टाइप केलं ते पण. स्क्रीन शेअर करायला ते फार सोपं पडायचं, कारण कुणाला विचारायचंच नव्हतं. मग तिच्या जागी वेलँड आलं, त्यात एका खिडकीला दुसरी दिसतच नाही. बरोबरच आहे, माझ्या बँकेचं पान मीटिंगच्या अ‍ॅपला का दिसावं. पण मग स्क्रीन शेअर कशी करणार? मधे कोणीतरी द्वारपाल पाहिजे, जो मला विचारेल की कुठली खिडकी दाखवू, आणि मी हो म्हटलं की तेवढंच चित्र पलीकडे देईल. तो द्वारपाल म्हणजे पोर्टल आणि चित्र नेणारा पाट म्हणजे पाइपवायर. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर वेलँड आहे, आणि सुरुवातीच्या दिवसांत ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी स्क्रीन शेअर केली की लोकांना नुसतं काळं दिसायचं, माउसचा बाण तेवढा फिरताना दिसायचा. तेव्हा मी लॉगिनच्या वेळी परत एक्स ११ निवडायचो. आता तशी गरज नाही, ब्राउझर अपडेट असला आणि पोर्टलचं पॅकेज आपल्या डेस्कटॉपचं असलं, म्हणजे नोम आणि केडीई हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप, तर नोमला नोमचं, केडीईला केडीईचं, की चालतं. कोणाला अजून काळं दिसत असेल तर पहिल्यांदा ते पॅकेज बघा, दहातले आठ वेळा तेच असतं.

तर याच पाइपवायरने पुढे आवाजाचं काम पण घेतलं, आधीच्या पल्सऑडिओच्या जागी बसलं आणि जुन्या सॉफ्टवेअरना कळलंसुद्धा नाही. आणि आवाजाच्या बाबतीत ते काय देतं तर तारा जोडायची मुभा. क्यूपीडब्ल्यूग्राफ नावाचं सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर चौकोन दिसतात, हा माइक, हा ब्राउझर, हा गाणी वाजवायचा प्लेअर, हा हेडफोन, आणि माउसने एकातून दुसऱ्यात तार ओढायची. अक्षरशः स्टेजवरचा साउंडवाला जसं मिक्सरला पिना खोचतो तसं. मी तंबोऱ्याचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग केलं, प्लेअरमध्ये लूप लावला, आणि प्लेअरमधून एक तार आईच्या हेडफोनला आणि दुसरी तार थेट ब्राउझरच्या माइकच्या जागेत. माइकची तार तिथे आधीपासून असतेच. झालं. आईचा आवाज आणि तंबोरा मशीनच्या आतच एकत्र होऊन जातात, खोलीतून नाही. तंबोरा किती आणि आवाज किती ते प्लेअरच्या व्हॉल्यूमने ठरतं. आणि या जोडण्या पॅचबे म्हणून सेव्ह करता येतात, नाहीतर मीटिंग बंद केली की तारा सुटतात आणि दर रविवारी मला फोन आला असता.

त्या रविवारी मी इथेच होतो. आईने प्लेअर लावला, तिकडे भाचीने हेडफोन घातला आणि तिचा चेहरा बदलला. काही बोलली नाही, डोळे मिटून सा लावला. लागला. आई माझ्याकडे बघत होती. मी बाहेर पडवीत जाऊन बसलो थोडा वेळ.

आता सर्व्हरचं थोडक्यात. चार मुलं आणि दीड तास, तर झूमचा फुकटचा कॉल ४० मिनिटांचा आणि मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं. म्हणून जिट्सी. २००३ मध्ये स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात एमिल इवोव या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली, तो बल्गेरियाचा, आणि जिट्सी म्हणजे बल्गेरियन भाषेत तारा, वायरी. मला हे नाव फार आवडतं. ते पूर्ण खुलं आहे, त्यांच्या साइटवर पण चालतं, फक्त ऑगस्ट २०२३ पासून मीटिंग सुरू करणाऱ्याला लॉगिन करायला लागतं. आईला ते लॉगिनचं नको होतं, म्हणून मी महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला, त्यावर डेबियन हे लिनक्स टाकलं आणि जिट्सी बसवलं, पॅकेज तयार मिळतात. एकच गोष्ट लक्षात ठेवा, यूडीपीचा १०००० नंबरचा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा. मी तो उघडला नव्हता, आणि त्याचं लक्षण फार फसवं असतं. दोघांमध्ये कॉल एकदम झकास चालतो, तिसरा आला की सगळ्यांचे चेहरे काळे आणि आवाज बंद. कारण दोघं असताना जिट्सी त्यांना एकमेकांना थेट जोडून देतं, सर्व्हरमधून काही जातच नाही. तिसरा आला की सगळ्यांचं चित्र सर्व्हरकडे येतं आणि तिथून वाटलं जातं, आणि ते येण्याचं दार म्हणजे हा पोर्ट. मी आणि ताई दोघांनी टेस्ट करून बघितलं होतं, छान चाललं, आणि क्लासच्या दिवशी चार मुलं आली नि सगळं गेलं. तो रविवार फुकट गेला, मुलं तयार होऊन बसली होती त्याचं वाईट वाटलं.

हे सर्व्हरमधून वाटण्याचं चांगलं असतं ते आईच्या लॅपटॉपसाठी. ती तिचं चित्र एकदाच पाठवते, वाटप सर्व्हर करतो, नाहीतर चौघांना चार वेळा पाठवावं लागलं असतं आणि त्या जुन्या प्रोसेसरचं काही खरं नव्हतं. तरी मी चित्राची क्वालिटी खाली ठेवतो. पावसात आमच्याकडे लाइन कधी रडकी होते, अशा वेळी आई व्हिडिओ बंद करते आणि नुसत्या आवाजावर शिकवते. तिला त्याचं काही वाटत नाही, ती म्हणते आम्ही रेडिओवर ऐकून शिकलो.

याच तऱ्हेने मोठं पण चालतं बरं का. डेबियनचं वार्षिक संमेलन डेबकॉन्फ २०२० मध्ये कोविडमुळे पूर्ण ऑनलाइन झालं, आठवडाभर, आणि त्यात जिट्सी आणि व्हिडिओ रेकॉर्ड-प्रसारण करणारं ओबीएस असलीच खुली साधनं वापरली. आणि ज्यांना शाळेसारखा वर्ग चालवायचाय, फळा, स्लाइड, हात वर करणं वगैरे, त्यांनी बिगब्लूबटन बघा, ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात शिकवण्यासाठीच बनलेलं आहे. मला गाण्यासाठी ते जड वाटलं, सर्व्हर पण मोठा लागतो, पण गणित-विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी तेच सुचवलंय.

लॅपटॉपच्या बाजूला भिंतीवर आईने तिच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय, तो इथे उतरवतो कारण माझ्या सगळ्या लिहिण्यापेक्षा कामाचा तोच आहे. "आधी हेडफोन. मग माइकची वायर. मग तंबोरा लावणे. मग तारांचे चित्र उघडणे, प्लेअरपासून दोन तारा दिसल्या पाहिजेत. मग क्लासचे पान. ट्यूब लावणे, खिडकी बंद, बाहेर रिक्षा." अपडेट मी पुण्याहून करतो, शनिवारी, रविवारी कधीच नाही. क्लासच्या दिवशी कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही हा आमच्या घरातला नियम आहे.

आजचा क्लास चालू झाला तेव्हा मी मागे खुर्चीत बसून ऐकत होतो. आईने पलटे सुरू केले, पहिलं मूल म्हणालं, दुसरं म्हणालं, भाचीची पाळी आली तर ती थांबलीच. हेडफोन कानावर दाबून धरला, परत ऐकलं, आणि म्हणाली, "आजी, आज तंबोरा काळी पाचचा लावलायस का? आपण काळी चारला म्हणतो ना?"

आईने चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं. प्लेअरमध्ये खरंच दुसरी, वरच्या पट्टीची फाइल लागली होती. ती बदलायला वाकली आणि मला म्हणाली, "ऐकलंस का रे, तिला तिकडे कळलं."